मोत माउलीची टेकडी : साडेचार शतकांचा मागोवा

वांद्र्याच्या टेकडीवर आज उभे असलेले चर्च 1904 सालचे आहे. त्याआधी त्याच जागी अठराव्या शतकात बांधलेले एक चॅपेल होते, आणि त्याच्याही आधी येशूसंघीय धर्मगुरूंनी 1570 च्या सुमारास उभारलेले पहिलेवहिले प्रार्थनास्थळ. ते किती साधे असेल याची कल्पना करावी : समुद्राकडे तोंड केलेली ओकीबोकी टेकडी, खाली कोळ्यांच्या होड्या, आणि वर पोर्तुगालहून जहाजाने आणलेली मरियामातेची मूर्ती. शहरी माणूस या स्थानाला माउंट मेरी म्हणतो. कोळीवाड्यात आणि गावठाणात तिला मोत माउली म्हणतात, आणि या लेखात मीही तेच नाव वापरणार आहे, कारण हा इतिहास खऱ्या अर्थाने त्या नावाने हाक मारणाऱ्यांचा आहे.

संस्थेचा इतिहास लिहिताना पायाभरणीपासून सुरुवात करून इमारतीच्या विस्ताराची जंत्री देण्याची रीत आहे. इथे ती फारशी उपयोगी नाही. या टेकडीवर इमारत पुन्हा पुन्हा गेली, मूर्तीचा हात गेला, राज्यकर्ते तीन वेळा बदलले. जे अखंड राहिले ते वेगळेच काही आहे, आणि ते कोणी सांभाळले हे सांगणे मला महत्त्वाचे वाटते.

आरंभ मात्र परक्या सत्तेच्या छायेतच झाला, हे स्वच्छ सांगायला हवे. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने 1534 च्या तहाने वसई आणि तिच्या अखत्यारीतला मुलूख पोर्तुगिजांना दिला. साष्टी बेट, म्हणजे आजचे वांद्र्यापासून उत्तरेला ठाण्यापर्यंतचे उपनगर, त्यात आले. तलवारीमागोमाग धर्मगुरू आले. फ्रान्सिस्कन पंथीयांनी साष्टीच्या उत्तर भागात काम सुरू केले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शिवलेण्याचे त्यांनी चर्च केले, ही त्या काळाची ठळक खूण. वांद्रे येशूसंघीयांच्या वाट्याला आले. त्यांनी 1575 मध्ये समुद्रकाठी संत आंद्रेचे चर्च बांधले. मानुएल गोम्स या येशूसंघीयाचे नाव इथल्या कोळ्यांच्या बाप्तिस्म्यांशी जोडलेले आहे. पुढे 1620 मध्ये संत आन्नाचे कॉलेज निघाले. येशूसंघ नुसता धर्मोपदेशक नव्हता, जमीनदारही होता, आणि त्या काळच्या धर्मांतरांत श्रद्धा, आमिष, धाक आणि सत्तेचा आधार यांची सरमिसळ होती. गोव्यात इन्क्विझिशन सुरू होते आणि त्याचा हात उत्तरेच्या मुलखापर्यंत पोहोचत असे. आपल्या पूर्वजांपैकी कोण कशामुळे वेदीपुढे उभा राहिला हे आज कुणालाही वेगळे काढून दाखवता येणार नाही. पण जो उभा राहिला त्याने पुढे काय केले, ते मात्र दाखवता येते.

टेकडीच्या पायथ्याला, जमीन जिथे समुद्रात घुसते तिथे, 1640 मध्ये पोर्तुगिजांनी अग्वाद किल्ला बांधला. गलबतांना गोडे पाणी घेता यावे म्हणून ती जागा निवडलेली होती. वीसएक वर्षांनी तिचे महत्त्व एकाएकी वाढले. 1661 च्या विवाहकराराने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण गेले आणि माहीमची खाडी दोन सत्तांमधली सरहद्द झाली. अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज, आणि दोघांनाही न जुमानता दोन्ही काठांवर मासे विकणारे कोळी. मोत माउली तेव्हापासून सरहद्दीवरची देवता आहे. माहीम आणि वरळीकडचे लोक होडीने खाडी ओलांडून तिच्याकडे येत.

सन 1700 च्या सुमाराला मस्कतच्या अरबांनी या किनाऱ्यावर हल्ला केला. मूर्तीच्या हातात सोन्याचा मुलामा दिलेली काही वस्तू होती. ती खऱ्या सोन्याची समजून त्यांनी मूर्तीचा उजवा हातच तोडून नेला, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. यानंतर मोत माउलीच्या जागी संत आंद्रेच्या चर्चमधली दुसरी एक मूर्ती, खलाशांची माता म्हणून ओळखली जाणारी, टेकडीवर पुजली जाऊ लागली. कोळी मात्र वेगळे सांगतात. एका कोळ्याला स्वप्नात दृष्टान्त झाला की माउली समुद्रात आहे, आणि शोधल्यावर ती त्याच्या हाती लागली. कागदपत्रांच्या काटेकोर नजरेला या कथेतली सालवारी जुळत नाही. मला त्याने फरक पडत नाही. जे लोक रोज समुद्रातून पोट भरतात त्यांनी आपली देवी समुद्रातून मिळवली, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने कुठल्याही दस्तऐवजाइतकीच पक्की आहे. पोर्तुगालहून आलेली मूर्ती या एका स्वप्नाने इथल्या पाण्याची झाली.

आता या इतिहासातला सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा काळ. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. साष्टीत धामधूम सुरू झाली. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडला तर तिथल्या तोफा माहीमवर रोखल्या जातील, ही इंग्रजांची धास्ती. त्यांच्या सल्ल्याने पोर्तुगिजांनी आपल्याच हातांनी वांद्र्याची तटबंदी पाडली. टेकडीवरचे चॅपेल याच काळात, 1738 च्या सुमारास, उद्ध्वस्त झाले. संत आन्नाचे कॉलेजही गेले. त्या कॉलेजातला एक भला मोठा दगडी क्रूस तेवढा वाचला आणि संत आंद्रेच्या आवारात आला. तो आजही तिथे आहे. जवळ जाऊन पाहिले तर त्याच्या अंगावर येशूच्या दुःखभोगाची चिन्हे ओळीने कोरलेली दिसतात. आपल्या गावाच्या पडझडीचा तो उभा साक्षीदार. वांद्र्याला येणाऱ्याने टेकडीवर जाण्याआधी हिल रोडवर थांबून तो पाहावा, असे मी आवर्जून सांगेन.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता संपली. युरोपीय धर्मगुरू मुलूख सोडून गेले. मराठ्यांनी वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही टांगलेल्या आहेत, आणि मेणवलीच्या घंटेवर तर बाळाला घेतलेली मरियामाता आहे. त्या घाटावर शतकानुशतके लोकांनी ती घंटा वाजवली, तिच्या अंगावरच्या आईला नमस्कारही केला असेल.

मागे राहिले ते इथले ख्रिस्ती : कोळी, कुणबी, भंडारी. त्यांना लिस्बनला जाता येत नव्हते आणि जायचेही नव्हते. आधार देणारी सत्ता गेली होती, गोरे पाद्री गेले होते, टेकडीवर दगडांचा ढीग होता. धर्म सत्तेच्या जोरावर आला असेल तर तो सत्तेबरोबर जायला हवा होता. तो गेला नाही. गोव्याकडचे आणि स्थानिक धर्मगुरू साष्टीच्या गावोगाव मिस्सा चालवत राहिले. संत आंद्रेचे चर्च उभे राहिले होते, तेच वांद्र्याच्या भाविकांचे एकमेव छप्पर झाले. वीस वर्षांहून अधिक काळ टेकडी रिकामी होती, आणि या वीस वर्षांत माउलीचा विसर कुणाला पडला नाही.

मग 1760-61 मध्ये टेकडीवर पुन्हा चॅपेल उभे राहिले. ही तारीख नीट पाहायला हवी. साष्टी तेव्हा मराठ्यांकडे होती. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीची अखेर होती, उत्तरेत पानिपत होत होते. पोर्तुगिजांचे राज्य संपून वीस वर्षे झालेली, इंग्रजांचे राज्य वांद्र्यात यायला अजून चौदा वर्षे अवकाश. म्हणजे मोत माउलीचे दुसरे देऊळ मराठी राज्यात, इथल्या लोकांच्या भक्तीवर उभे राहिले. पहिले देऊळ बांधणाऱ्यांच्या पाठीशी एक साम्राज्य होते. दुसऱ्याच्या पाठीशी मासळी आणि भात विकून दोन पैसे बाजूला टाकणारी माणसे होती. चर्चला वसाहती वारसा म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी आणि त्याच वारशाचा अभिमान मिरवणाऱ्यांनीही हे साल ध्यानात ठेवावे.

हात तुटलेली जुनी मूर्तीच या वेळी पुन्हा वेदीवर आली. तिच्या कडेवर बाळ येशू असा बसवला की तुटलेला हात झाकला जावा. मोत माउलीचे आपल्याला परिचित असलेले रूप असे घडले. जरीचा झगा, मुकुट, कडेवर बाळ. झग्याखाली काय आहे हे जुन्या वांद्रेकरांना माहीत असते आणि ते त्याची फारशी चर्चा करत नाहीत. खलाशांची माता आपल्या जागी, संत आंद्रेच्या चर्चमध्ये परतली.

डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी जिंकली आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. सरहद्दीची खाडी आता एकाच राज्याच्या मधोमध आली, तरी ओलांडायची होडीनेच. पावसाळ्यात हा प्रवास जिवावरचा होता. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी 1,57,000 रुपये दिले आणि माहीम-वांद्र्याचा बांध, आपला माहीम कॉजवे, 1845 मध्ये खुला झाला. जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती. आवाबाईंनी मोत माउलीला नवस केला होता आणि तो फेडण्यासाठी हा बांध घातला, असे वांद्र्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पारशी घराण्यातली बाई, कॅथलिक देवस्थान आणि सगळ्या जातीधर्मांच्या पायांसाठी बांधलेला रस्ता. मुंबईच्या स्वभावाचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

बांधानंतर रेल्वे आली आणि टेकडी मुंबईच्या आटोक्यात आली. गोवा आणि मंगळूरकडून पोटापाण्यासाठी आलेले कॅथलिकही आता माउलीच्या पायाशी जमू लागले. इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांना आपली वेगळी ओळख सांगण्याची गरज भासली, ती याच काळात. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नाव इंग्रजी, घरातली बोली मराठी, लुगडे कोळी-कुणबी पद्धतीचे, आणि लग्नात उंबराच्या पाण्याचा विधी. 1896 नंतरच्या प्लेगने या गावठाणांना झोडपले. रानवार, पाली, चिंबईच्या गल्लीबोळांत जे क्रूस दिसतात, त्यांतले कित्येक त्या साथीत लोकांनी संरक्षणासाठी उभारलेले आहेत.

साथीच्या पाठोपाठ, 1904 मध्ये, आजचे चर्च झाले. गॉथिक धाटणीची ही वास्तू शापूरजी चंदाभॉय या मुंबईच्या वास्तुविशारदाने बांधली आणि खर्च आला एक लाख रुपये. इथेही पारशी हात आलाच. दोन बाजूंना मनोरे, आत उंच कमानी, भिंतींवर मरियामातेच्या जीवनातले प्रसंग. चर्च नवे, राज्य इंग्रजांचे, आणि तरी धर्मकारभार पोर्तुगालच्या राजाश्रयाच्या जुन्या व्यवस्थेखाली, दमणच्या बिशपकडे. किल्ला पाडून दीडशेहून अधिक वर्षे उलटली तरी हा एक धागा तुटला नव्हता. तो 1928 मध्ये तुटला. दमण धर्मप्रांत बरखास्त झाला, साष्टी मुंबईच्या धर्मप्रांतात आली आणि तिथले चर्च शहराच्या चर्चशी एकरूप झाले.

1954 हे पोप बारावे पायस यांनी जाहीर केलेले मरियावर्ष. त्याच वर्षी मोत माउलीच्या चर्चला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस एकच वर्ष आधी भारतातले पहिले कार्डिनल झाले होते. देश स्वतंत्र होऊन सात वर्षे झाली होती. चर्चचा कारभार इथल्या माणसाच्या हाती होता, आणि रोमने मान दिला तो कोळ्यांच्या माउलीला.

आता भक्तीविषयी, कारण टेकडी जिवंत आहे ती तिच्यामुळे.

मरियामातेचा जन्मदिन 8 सप्टेंबरला. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, आणि सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याची जत्रा. मिस्सा इंग्रजीत, मराठीत, कोकणीत, हिंदीत, तमिळमध्ये होतात. याच दिवशी मंगळूरकडे मोंती फेस्त असते, नव्या धान्याची कणसे आशीर्वादित होतात. तमिळनाडूत वेलंकणीला लाखो लोक लोटतात. मुंबईत हा सण बहुतेक वेळा गणपतीच्या आगेमागे येतो, आणि घरचा गणपती आटोपून जत्रेला आलेली कुटुंबे टेकडीवर दर वर्षी दिसतात. बेस्ट जादा बस सोडते, स्टेशनपासून टेकडीपर्यंत माणसांची रीघ लागते. दुकानांत कडियो-बोडियो, पेरूचे चीज, चणे-फुटाणे, खेळणी, जपमाळा.

पण जत्रेचा प्राण म्हणजे मेण. चढावर ओळीने मांडलेल्या दुकानांत पिवळसर पांढऱ्या मेणाच्या वस्तू असतात : हात, पाय, डोके, हृदय, तान्हे बाळ, घर, आणि अलीकडच्या काळात मोटार आणि विमानसुद्धा. गुडघा दुखतो त्याने पाय घ्यावा, मूल हवे त्यांनी बाळ, भाड्याच्या खोलीत दिवस काढणाऱ्याने घर. विक्रेती बाई काही विचारत नाही. गिऱ्हाईक काय उचलतो त्यावरून तिला सगळे कळते. मेणाचे बाळ जेमतेम वीतभर असते, उन्हात पटकन मऊ होते, म्हणून ते ओढणीत किंवा पदरात धरून वर न्यायचे. रांगेत उभ्या असलेल्या बायका एकमेकींच्या पदराकडे पाहतात आणि जे समजायचे ते समजतात. वेदीपुढे ते ठेवले, झेंडूचा हार घातला, आणि मग रस्त्यापलीकडे फातिमामातेच्या स्थानापाशी मेणबत्ती लावली, की नवस पोहोचला. यात कोण ख्रिस्ती आणि कोण हिंदू, हे हातातल्या मेणावरून ओळखता येत नाही. मूर्तीचा स्वतःचाच एक हात नाही, आणि लोक तिच्यापुढे मेणाचे हात आणून ठेवतात. धर्मपंडित या नवसांकडे कधीकधी नापसंतीने पाहतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. दुखणे कुठे आहे ते बोट ठेवून सांगण्याची ही रीत आहे, आणि आईपुढे दुसरे काय करायचे असते?

2020 आणि 2021 मध्ये कोविडमुळे जत्रा भरली नाही. गर्दीविना गेलेल्या त्या दोन सप्टेंबरांत लोकांनी घरोघरी नोव्हेना म्हटली आणि मोबाइलवर मिस्सा पाहिली. जत्रा परतली तेव्हा गर्दी कमी झालेली नव्हती. टेकडी रिकामी असताना भक्ती घरात टिकवण्याचा सराव या लोकांना अठराव्या शतकापासूनच आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या डोळ्यांदेखत निसटते आहे, ती म्हणजे या भक्तीची मराठी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 1616 चे क्रिस्तपुराण सर्वांना माहीत असते. आपल्या भागातले फ्रान्सिश्कु वाज द गिमरांइश यांचे पुराण फार थोड्यांना माहीत आहे. या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने उत्तर कोकणातल्या मराठीत येशूच्या दुःखभोगाचे काव्य रचले, ते 1659 मध्ये लिस्बनला रोमन लिपीत छापले गेले, आणि साष्टी-वसईच्या ख्रिस्ती घरांत ते उपवासकाळात पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले. ग्रंथ पुस्तकालयात सापडेल, चाल सापडणार नाही. ती आज काही म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात आहे. माउलीची कोळी बोलीतली गाणी, जत्रेतून परतताना होडीत म्हटली जाणारी, त्यांचीही तीच अवस्था. गावठाणातल्या नव्या पिढीची शाळा इंग्रजी, घरात इंग्रजी, आणि आजीशी बोलण्यापुरती मराठी. कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पोर्तुगीज गेले, मराठे गेले, इंग्रज गेले, आणि या सगळ्या उलथापालथीत ज्या भाषेत आपले पणजोबा-पणजी माउलीशी बोलले ती भाषा आपल्याच हातून जाऊ नये, एवढीच तळमळ.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात जुन्या जत्रेचे फोटो, लुगडे नेसलेल्या आजी-पणजीची छायाचित्रे, बाप्तिस्म्याचे दाखले, हाताने उतरवलेली गाणी, नवस फेडल्याच्या नोंदी, असे काहीही असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. फोटो काढून एक प्रत चर्चच्या कार्यालयात द्या आणि मूळ घरीच जपून ठेवा. आणि घरात कुणी वयस्कर बाई गात असेल, तर या नोव्हेनेच्या आतच तिच्याजवळ बसा, मोबाइल चालू करा आणि तिचे गाणे पूर्ण उतरवून घ्या. गाणाऱ्याचे नाव, वय, गावठाण आणि ती ते कुणाकडून शिकली, एवढे सोबत लिहून ठेवा.